सुट्या पिशवीतले कनेक्टर

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय 1998 साली सुरू झालं, तेव्हापासूनचं माझं हे वेड. गच्चीवरच्या खोलीत माझा एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 1:87 आकाराच्या छोट्या रेल्वेचा लेआउट (रुळांची मांडणी) आहे. सहा फळ्या एकमेकींना जोडलेल्या, खालून अडीच एमएमची मुख्य वायर, आणि तिच्यातून जवळजवळ प्रत्येक रुळाला अर्धा एमएमची वेगळी तार. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबलं की वर्षभरात गाडी अडखळायला लागते, म्हणून हा खटाटोप. साहजिकच तारा एकमेकींना जोडणारे कनेक्टर ढिगाने लागतात.

मी वागो कंपनीचे 221 मालिकेतले वापरतो. तार 11 मिलिमीटर सोलायची, नारिंगी लिव्हर उचलून आत सारायची, लिव्हर दाबायची. जाड आणि बारीक तार शेजारीशेजारी घट्ट बसते. पहिले दहा बंद पाकिटातले होते. पुढचे शंभर आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने सुटी पिशवी पुढे केली. "साहेब, माल तोच आहे. पाकीट फुटलं म्हणून स्वस्तात देतोय." नगाला 24 रुपये, आधीच्या जवळजवळ निम्मा भाव. दिसायला हुबेहूब. घेतले. हातात पडली ती कच्ची पावती.

जुलैमध्ये एका संध्याकाळी मुलगी गाडी चालवत होती. इंजिन सांध्यावर घसरलं आणि शॉर्ट झालं. अशा वेळी रुळांना वीज पुरवणाऱ्या 5 अँपिअरच्या बूस्टरने त्याच क्षणी सप्लाय तोडायला हवा. त्याने तोडलाच नाही. "बाबा, कसला वास येतोय?" फळीखाली वाकून पाहिलं तर एका कनेक्टरची लिव्हर मेणासारखी वाकलेली, प्लास्टिक तपकिरी पडलेलं.

कारण साधं आहे. रुळांत सुमारे 15 व्होल्ट असतात. वाटेतला एकूण रोध 3 ओहमच्या वर गेला की शॉर्ट होऊनही 5 अँपिअर वाहतच नाहीत, बूस्टरला काही कळत नाही, आणि सगळी उष्णता त्या सैल जोडावर निघते. खाली थर्माकोल आणि लाकूड असताना!

दुसऱ्या दिवशी पिशवीतला एक कनेक्टर पकडीने फोडला. आतली पट्टी चकचकीत होती, पण कानस मारली तर खाली तांब्याचा लालसरपणा नाही, नुसतं करडं लोखंड. चुंबकाला चटकन चिकटली. मग 12 व्होल्टच्या सप्लायवर गाडीचा 21 वॅटचा बल्ब लावून एकेक कनेक्टर तपासला; जोड जितका घट्ट, तितके त्याच्यावर कमी व्होल्ट पडतात. बंद पाकिटातल्यांवर जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट पडत होते. पिशवीतल्यांवर शंभराच्या पुढे, काहींवर तर तार जरा हलवली की थेट व्होल्टाच्या घरात.

दुकानदार म्हणाला, "इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही." कच्च्या पावतीवर ना कंपनीचं नाव, ना जीएसटी क्रमांक. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

सुटा माल घेऊ नका, पक्कं बिल मागा, आणि ढीगभर घेण्याआधी एक नग फोडून बघा. वायरिंग झालं की प्रत्येक फळीच्या टोकाला दोन रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवा. बूस्टरने लगेच सप्लाय तोडला नाही, तर त्या फळीवर गाडी चालवू नका. माझ्या चार फळ्या आता नाण्याला पास झाल्यात. उरलेल्या दोन फळ्यांखालचे कनेक्टर अजून बदलायचे आहेत, तोवर त्यांची मुख्य वायर मी सोडवून ठेवली आहे.