अंगठीवर कोरण्याच्या प्रेमवाक्यांसाठी अरबी-अरामी भाषांतर सेवा

अंगठीच्या आतल्या बाजूला कोरता येतील अशी छोटी प्रेमवाक्ये अरबीत आणि अरामी या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेत करून देणारी एक ऑनलाइन सेवा आम्ही उभयतांनी नुकतीच वापरली. अशा सेवेची पारख माझ्या मते एकाच गोष्टीवरून करावी, ती म्हणजे कोण कोणाला हे वाक्य म्हणत आहे, याची चौकशी भाषांतराआधी होते की नाही.

मराठीत ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ किंवा ‘करते’ म्हटले की बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, मात्र ऐकणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. अरबीत नेमके उलट आहे. तिथे पुरुषाला ‘उहिब्बुका’ आणि स्त्रीला ‘उहिब्बुकी’ म्हणतात, मग बोलणारे कोणीही असो. लेखनात हा फरक केवळ शेवटच्या ‘काफ’ या अक्षराच्या वरच्या किंवा खालच्या बारीक रेघेवर अवलंबून असतो, आणि रोजच्या लिखाणात ती रेघ देतच नाहीत. या सेवेने प्रश्न आधी विचारला, पत्नीसाठीच्या वाक्यात काफखाली रेघ न विसरता दिली आणि सोबत कळवले की कैरो, दमास्कस किंवा बैरुतमध्ये घरातली माणसे ‘बहिब्बिक’ म्हणतात, ‘उहिब्बुकी’ला ग्रंथभाषेचा डौल आहे. निवड आमच्यावर सोपवली, हे मला फार आवडले. शिवाय मजकूर चित्ररूपात पाठवला. अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे जोडून लिहिली जातात; सराफाकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती सुटी आणि उलट्या क्रमाने उमटण्याचा धोका असतो. तो त्यामुळे टळला.

अरामीबाबत मात्र सेवा कमी पडली. अर्जात ‘अरामी’ असा एकच पर्याय आहे, पण अरामी ही सुमारे तीन हजार वर्षांच्या अनेक बोलींची परंपरा आहे. आम्हाला आधी आले ते हिब्रू बायबलातील ‘गीतरत्ना’तले ‘अनी लेदोदी वेदोदी ली’ हे वचन. ते अतिशय सुंदर आहे, पण हिब्रू आहे. हिब्रूची आजची चौकोनी लिपी मूळ अरामीतूनच आलेली असल्यामुळे नवख्या डोळ्याला फरक जाणवत नाही, म्हणूनच ही चूक मला गंभीर वाटते. आयुष्यभर बोटात राहणाऱ्या वस्तूवर भलतीच भाषा कोरली गेली असती.

तक्रार केल्यावर सिरियाकमध्ये, म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिस्ती उपासनेत आजही ऐकू येणाऱ्या अरामीत, बिनचूक वाक्ये आली. पती पत्नीला ‘राहेम-ना लेख्’ म्हणतो, पत्नी पतीला ‘राहमा-ना लाख्’ म्हणते. म्हणजे इथे बोलणारा आणि ऐकणारा दोघांच्याही लिंगानुसार वाक्य बदलते. सिरियाकच्या पश्चिमी उच्चारात दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ होतो, हेही त्यांनी या वेळी आपणहून कळवले.

अरबीसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. अरामी हवी असल्यास अर्जातल्या टिपेच्या रकान्यात ‘सिरियाक’ असे स्पष्ट लिहावे आणि कोरायला देण्यापूर्वी ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला नमुना दाखवावा. सीरियातल्या मालूला गावच्या अरामी बोलीत वाक्य मिळेल का, असेही आम्ही विचारले होते. ती बोली जाणणारे कोणी आपल्याकडे नाही असे सांगून त्यांनी ते काम घेतले नाही, आणि पैसेही मागितले नाहीत.