जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट अन् ती पासवर्डची चौकट: 8 महिन्यांनंतरचा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या गावात माझं फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. यवतमाळहून 11,000 ला सेकंडहँड लॅपटॉप आणला, 2014 चा, विंडोज रखडत होतं म्हणून त्याच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. स्पीड मस्त, प्रिंटर पहिल्या झटक्यात लागला. वायफायचा ड्रायव्हर (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला नव्हता, तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं, अन् ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकून घेतला, दहा मिनिटांचं काम. पण वायफायचा पासवर्ड मागणारी ती चौकट, तिनं मला जेवढं छळलं तेवढं कशानं नाही.

जुलैत वीज पडून राऊटर उडाला, नवा बसवला. पीक विम्याची शेवटची तारीख जवळ, दुकानात पंधरा माणसं बसलेली, अन् लॅपटॉप कनेक्टच होईना. पासवर्ड टाकला की गोल फिरते, थोड्या वेळानं तीच चौकट परत. पासवर्ड बरोबर होता, त्याच पासवर्डवर बायकोचा मोबाईल चालू होता! नेटवाल्याचा माणूस आला, म्हणे, "भाऊ, तुमचं लिनक्सच खराब हाय, नाही तं पासवर्ड काढून टाका, गावात कोण येते वायफाय चोराले?" डोकंच फिरलं माझं. लोकांचे आधार, पासबुकं माझ्या मशीनवर असतात, अन् मी नेट उघडं ठेवू? ओपन वायफायला हवेतलं एनक्रिप्शनच नसते, म्हणजे हवेतून जाणाऱ्या डेटाला कुलूपच नसते.

तेव्हा रागात मी पण लिनक्सलाच 2 स्टार दिले होते, ते आता मागे घेतो. टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' मारलं की आजूबाजूच्या वायफायची यादी येते, शेवटी सिक्युरिटीचा रकाना दिसतो, म्हणजे कोणतं नेटवर्क सुरक्षेची कोणती पद्धत वापरते ते, तिथं शेजारच्या नेटवर्कपुढे डब्ल्यूपीए2 होतं अन् माझ्यापुढे नुसतं डब्ल्यूपीए3. हे डब्ल्यूपीए3 आलं 2018 ला, माझ्या जुन्या चिपच्या ड्रायव्हरला ते येतच नाही. मोबाईल नवा म्हणून त्याला जमत होतं. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन डब्ल्यूपीए2 अन् एनक्रिप्शनला एईएस केलं (तिथं टीकेआयपी हा दुसरा पर्याय असला तर घेऊ नका, ते जुनं कच्चं आहे), लॅपटॉपवरचं जुनं कनेक्शन डिलीट करून नव्यानं जोडलं, लगेच लागलं. पासवर्ड तोच, एक अक्षर बदललं नाही.

सप्टेंबरात परत तीच चौकट. आता राऊटरला हात नव्हता लावला कोणी. यावेळी आधी 'जर्नलसीटीएल' (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंटचा, म्हणजे वायफायला जोडणाऱ्या प्रोग्रामचा लॉग पाहिला, तिथं सरळ लिहिलेलं, प्री-शेअर्ड की (म्हणजे वायफायचा पासवर्ड) चुकीची असू शकते. म्हणजे यावेळी खरंच पासवर्ड चुकत होता! अतिवृष्टीचे अर्ज मराठीत टाईप करून कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच (मराठी टायपिंगवर) राहिला होता, अन् चौकटीत नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं. 'पासवर्ड दाखवा' वर टिक केली तर आत देवनागरी अक्षरं.

माझा मुख्य राग हाच आहे. बिघाड कोणताही असो, चौकट पासवर्डच मागते. नवीन माणूस तोच पासवर्ड वीसदा टाकत बसतो अन् शेवटी विंडोजकडे जातो, किंवा वायफाय उघडं करून ठेवतो. लॉगमध्ये कारण लिहिलेलं असते तर चौकटीत एक ओळ दाखवायला काय जाते?

मधूनमधून नेट तुटायचं ते पॉवरसेव्हमुळे, म्हणजे वायफायच्या वीज वाचवायच्या सेटिंगमुळे. सेटिंगच्या फाईलमध्ये पॉवरसेव्हपुढचे 3 (चालू) चे 2 (बंद) केले, तुटणं थांबलं.

आता 4 स्टार. पाचवा त्या चौकटीपायी कापला. नेटवाला व्हिजिटचे 300 मागतो, ते मी दिले नाही अन् देणार पण नाही.