खाडीकाठच्या पायलिंगला काय घ्यावे: सोडियम बेंटोनाइट, कॅल्शियम बेंटोनाइट की पॉलिमर?

मुंबईत शिवडी, वडाळा, माहूल किंवा मिठीकाठी पाइलसाठी बोअर घेतला की खालून येणारे पाणी बहुतेकदा मचूळ असते, भरतीच्या बाजूला तर सरळ खारे. तरीही खरेदीच्या वेळी चौकशी होते ती पोत्याच्या भावाची. आधी पाणी तपासा, मग पोते निवडा, कारण बोअरची भिंत धरणारी माती, म्हणजे बेंटोनाइट, चालते ती पाण्यातल्या आयनांच्या हुकमाने.

बेंटोनाइटमधले कामाचे खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. तो भार सांभाळायला दोन पापुद्र्यांच्या मध्ये धन आयन बसतात आणि पाण्याला आत ओढतात. हे पाणी थराथराने शिरते: कोरडे असताना एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचे अंतर (पापुद्र्याची जाडी धरून) सुमारे १ नॅनोमीटर, पाण्याच्या एका थराला १.२५, दोन थरांना १.५५, तीन थरांना १.९ च्या आसपास. आत कॅल्शियम असेल तर गाडी इथेच थांबते, कारण दुहेरी भाराचा हा आयन दोन्ही बाजूंचे पापुद्रे धरून ठेवतो. सोडियमची पकड सैल, त्यामुळे पाणी शिरतच राहते आणि पापुद्रे सुटे होतात. स्लरीचा (बोअरमध्ये भरायच्या बेंटोनाइट-पाण्याच्या मिश्रणाचा) घट्टपणा आणि बोअरच्या भिंतीवर बसणारा पाणी अडवणारा थर, म्हणजे केक, दोन्ही या सुट्या पापुद्र्यांतून येतात.

म्हणून नुसता कॅल्शियम बेंटोनाइट पायलिंगसाठी घेऊ नये, भाव कितीही उतरला तरी. त्यात २ ते ४ टक्के सोडा ॲश मिसळून मुरवला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. असा माल गोड्या पाण्यात चांगले काम देतो. पोत्यावर ‘सोडियम’ छापलेले असले तरी तो मूळचा सोडियम आहे की सोड्याने बदललेला, हे पुरवठादाराला विचाराच. अर्धवट बदललेल्या मालात कॅल्शियम शिल्लक राहतो आणि एकाच ट्रकमधली दोन पोती वेगळी वागतात.

तपासणी साईटवरच होते. १०० मिलिलीटरच्या दोन मोजनळ्या घ्या, एकीत नळाचे पाणी, दुसरीत त्याच बोअरचे. २ ग्रॅम वाळवलेली, बारीक चाळलेली पूड ०.१ ग्रॅमच्या चिमटीने टाका. आधीची चिमूट पूर्ण बसल्याशिवाय पुढची टाकू नका, दर वेळी दहा मिनिटे गृहीत धरा. दुसऱ्या दिवशी बघा. गोड्या पाण्यात चांगला सोडियम बेंटोनाइट २४ मिलिलीटर किंवा त्याहून वर फुगून जेलीसारखा उभा राहतो. खाऱ्या पाण्यात तोच माल तळाशी वाळूसारखा बसतो आणि वर नितळ पाणी दिसते. दोन नळ्यांतला हा फरक म्हणजे तुमच्या जागेची उत्तरपत्रिका समजा.

खारे पाणी असे का करते? समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम जवळपास १०.८ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम. बाहेरच आयनांची एवढी गर्दी असली की पाण्याला आत शिरायचे कारण उरत नाही. पापुद्र्याभोवतीचे आयनांचे वलय एक हजारांश मोलर मिठाच्या पाण्यात १० नॅनोमीटरच्या आसपास असते, समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहून कमी. पापुद्रे जवळ येऊन गुठळ्या धरतात, वर मॅग्नेशियम-कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतात.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक होते. फाटू लागलेली स्लरी सुरुवातीला दाट वाटते, मार्श कोन या नरसाळ्यातून ती गळायला लागणारे सेकंद वाढतात, म्हणून माणसे त्यात पाणी ओततात. खरे तर ती नासलेल्या दुधासारखी झालेली असते. तिचा केक जाड आणि पोकळ बसतो, पाणी भिंतीतून निसटते, आणि केज (सळ्यांचा सांगाडा) उतरवेपर्यंत बोअर ढासळू लागतो. शंका आली तर फिल्टर प्रेस लावा: ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाखाली ३० मिनिटांत ताज्या स्लरीतून ३० मिलिलीटरहून जास्त पाणी गळत असेल तर ती वापरू नका.

यावर पहिला उपाय: स्लरी गोड्या पाण्यातच बनवा आणि २४ तास मुरवा. आधी नीट फुगलेले पापुद्रे नंतर थोडे खारे पाणी मिसळले तरी बराच वेळ टिकतात. खाऱ्यात टाकलेली पूड मात्र कधीच फुगत नाही. १ मीटर व्यासाच्या, २० मीटर खोल बोअरला १५.७ घनमीटर स्लरी लागते. ५ टक्क्यांनी हिशेब केला तर ७८५ किलो, म्हणजे ५० किलोची सोळा पोती, आणि दहा हजार लिटरचे दोन टँकर. ताज्या स्लरीची घनता १.०३ ते १.१०, मार्श ३० ते ६० सेकंद, पीएच ९ ते ११.५ ठेवा. भरती-ओहोटीने भूजल वर-खाली होते, म्हणून बोअरमधली पातळी भरतीच्या पाण्याहून दीड मीटर वर धरा.

पॉलिमर (पाण्यात विरघळून ते दाट करणारे लांब साखळीचे रसायन) घनमीटरला साधारण १ किलो लागते, म्हणजे याच बोअरला सोळा किलो. पोत्यांचा ढीग, मुरवण टाक्या, डीसँडर (स्लरीतली वाळू काढणारे यंत्र) यांची जागा वाचते. दाटीच्या उपनगरी प्लॉटवर हा फायदा मोठा आहे. वाळू लवकर खाली बसते. जाड केक नसल्याने सॉकेटला, म्हणजे पाइलच्या खडकात रोवलेल्या भागाला, घर्षण चांगले मिळते, आणि बेसॉल्टवर टेकणाऱ्या पाइलचा भार पुष्कळदा सॉकेटवरच असतो. मात्र पॉलिमर खाऱ्या पाण्याला भीत नाही हा समज चुकीचा. त्याच्या साखळीवरही ऋण भार असतो. ते भार एकमेकांना ढकलतात म्हणून साखळी ताणलेली राहते. मीठ आले की ती गुंडाळून घेते आणि दाटपणा उतरतो. सोडा ॲशने कॅल्शियम खाली बसवता येतो, पण समुद्राएवढे मॅग्नेशियम आवरत नाही. शिवाय सेंट्रिफ्यूगल पंपाने साखळी तुटते, डायफ्रॅम पंपच लागतो; आणि पातळी भूजलाहून २ मीटर वर ठेवावी लागते. भरावात दगड-डबर असेल तर पॉलिमर पोकळ्यांत वाहून जाते. तिथे बेंटोनाइटचे जेल भोके बुजवते, किंवा लायनर (बोअरला आधार देणारा पोलादी पाइप) मुरमापर्यंत उतरवणे हाच खरा उपाय.

ॲटापल्गाइट ही दुसरी माती खाऱ्या पाण्यात दाटपणा देते, कारण त्याचे तंतू फुगण्यावर अवलंबून नसतात. पण केक गळका राहतो, म्हणून एकट्याने नको.

थोडक्यात निवड अशी: भराव दगडी, पाणी मचूळ आणि टाक्यांना जागा असेल तर सोडियम बेंटोनाइट, गोड्या पाण्यात मुरवलेला. जागा तंग, वाळू जास्त आणि बोअरचे पाणी गोडे असेल तर पॉलिमर. पाणी पूर्ण खारे असेल तर दोघांनाही लायनरचा आधार द्या.

ट्रेमीने (तळापर्यंत सोडलेल्या नळीने) काँक्रीट भरताना वर ढकलल्या जाणाऱ्या स्लरीत सिमेंटचा कॅल्शियम मिसळतो आणि पीएच १२ कडे सरकतो. ही वरची स्लरी वेगळ्या टाकीत घ्या, उरलेल्या साठ्यात सोडियम बायकार्बोनेट टाकून पुन्हा मार्श आणि पीएच मोजा. फाटलेली स्लरी नाल्यात सोडू नका. पावसाळ्यात तीच गाळ होऊन जाळी तुंबवते.