सेस्ना १७२ : दोर, सायकल आणि वजनाचा काटा

पुण्यात प्रस्तरारोहण करणाऱ्यांची एक जुनी अडचण आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट उंच आहे, देखणा आहे, पण बऱ्याच ठिकाणी ठिसूळ आहे आणि मधूनमधून गवताळ घसाऱ्याने भरलेला आहे. त्यामुळे बोटांना भरवशाची पकड देणारा कातळ हवा असेल तर थंडीत बदामीचा वालुकाश्म किंवा हंपीचा ग्रॅनाइट गाठावा लागतो. बदामी रस्त्याने साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास आणि हंपी साडेपाचशेच्या घरात, म्हणजे शनिवार-रविवारच्या सुट्टीचा मोठा भाग गाडीतच सरतो. खासगी वैमानिकाचा परवाना हाती आला तेव्हा या दुखण्यावर उतारा सापडला, असे मला साहजिकच वाटले. गेले दोन हिवाळे भाड्याच्या सेस्ना १७२ मधून मी हा प्रयोग करतो आहे. विमान म्हणून १७२ कसे आहे, हे सांगण्याची आता कोणाला गरज नाही. १९५६ पासून चाळीस हजारांहून अधिक संख्येने बनलेल्या या विमानावर जगभरातले असंख्य शिकाऊ वैमानिक घडले आहेत. कातळाकडे नेणारे वाहन म्हणून ते कसे आहे, एवढेच मी इथे पाहणार आहे.

विमान चार आसनी म्हणवते, पण दोर-सामान घेऊन निघणाऱ्यांनी ते दोन किंवा फार तर तीन आसनी समजावे. १७२ एस या प्रकाराचे कमाल उड्डाण वजन ११५७ किलो असते. रिकाम्या विमानाचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि इंधन मिळून चारशे किलोंच्या आतबाहेर जागा उरते. ॲव्हगॅस, म्हणजे अशा लहान विमानांचे पेट्रोल, प्रत्येक लहान विमानतळावर मिळेलच याचा भरवसा नसल्याने परतीचे इंधन सोबतच न्यायचे, असा माझा नियम आहे. आणि टाक्या भरल्या की सुमारे दोनशे लिटरचे जवळजवळ १४५ किलो त्यातच जातात. पंचाहत्तर किलोंची तीन माणसे बसली की सामानासाठी तीसेक किलो शिल्लक राहतात. सुदैवाने दोर घेऊन चढणाऱ्यांचे सामान जड वाटते तेवढे नसते : सत्तर मीटरचा दोर साडेचार किलोंचा, अठरा क्विकड्रॉ (दोर कातळातल्या बोल्टला अडकवायच्या कड्यांच्या जोड्या) दोन किलोंच्या आसपास, त्यात हार्नेस (कमरेचा पट्टा), बूट आणि हेल्मेट धरले तरी दोघांचे मिळून बारा-तेरा किलोंत भागते.

खरा घोळ माणसांच्या वजनात होतो. पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री एका मित्राने फोनवर अठ्ठ्याहत्तर किलो असे ठणकावून सांगितले होते. सकाळी काट्यावर बुटांसकट शहाऐंशी भरले. आठ किलोंसाठी आम्ही स्टोव्ह, भांडी आणि त्याच्या आईने दिलेला चिवड्याचा डबा गाडीतच ठेवला, आणि चिवड्याबद्दलचे बोलणे मला बदामीपर्यंत ऐकावे लागले. तेव्हापासून सामान तोलण्याचा काटा माझ्या सॅकमध्ये कायम असतो.

आता वेळेचा हिशेब. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने हौशी वैमानिकाची सुरुवात बहुधा बारामतीसारख्या धावपट्टीवरून होते, म्हणजे पुण्यातून पहाटे निघून दोन-अडीच तास गाडी. त्यानंतर विमानाची तपासणी, हवामानाचा अहवाल, उड्डाण आराखडा आणि हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक यांत तास निघून जातो. बारामतीहून हुबळी हवाई मार्गाने सव्वातीनशे किलोमीटर आहे. ताशी सव्वादोनशेच्या थोडे आत चालणारे विमान ते दीड तासात कापते. पुढे हुबळीहून बदामीपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर टॅक्सी, आणखी सव्वादोन-अडीच तास. बेरीज केली की सात-साडेसात तास होतात, आणि पुण्याहून थेट गाडी हाकणारे आमचे मित्र साधारण तेवढ्याच वेळात, शिवाय वाटेत जेवून, तिथे पोहोचलेले असतात.

परतीचे गणित याहून वाईट आहे. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत, उडणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी उतरावेच लागते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उलटे मोजत गेले की रविवारी साडेबारालाच भिंतीखालून दोर गुंडाळावा लागतो, नेमका जेव्हा सावलीतला कातळ चढायला सर्वांत चांगला असतो.

हंपीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. बारामतीहून तोरणगल्लूजवळचे विद्यानगर चारशे किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आतबाहेरचे उड्डाण. तो विमानतळ खासगी मालकीचा असल्याने उतरण्याची परवानगी आधी मागावी लागते. ती मिळाली की पुढे तासाभराची टॅक्सी. रस्त्याचे दहा-अकरा तास इथे सहा-साडेसहावर येतात. पण हंपी म्हणजे बोल्डरिंग, म्हणजे मोठ्या शिळांवर दोराविना चढणे, आणि बोल्डरिंग म्हणजे पडल्यावर झेलणारा क्रॅश पॅड. वजनाला पाच-सहा किलोंचा हा गादीवजा प्रकार आकाराने असा आडमुठा असतो की मागच्या आसनावर एक ठेवला तर तिसऱ्या माणसाला घरी बसावे लागते. जिथे विमान परवडते तिथे सामान मावत नाही, आणि जिथे सामान मावते तिथे विमान परवडत नाही. आम्ही पॅड नेण्याचा नाद सोडला. हंपीजवळ सणापूर-आनेगुंदीच्या बाजूला ते भाड्याने मिळतात.

माउंटन बाइकबद्दल मला सर्वाधिक विचारणा होते, म्हणून स्पष्ट सांगतो : नेऊ नका. सामानाचा दरवाजा सुमारे ३९ सेंटिमीटर रुंद आणि ५६ सेंटिमीटर उंच आहे, तर २९ इंची चाक टायरसकट जवळजवळ ७४ सेंटिमीटर भरते. चाके, पेडल आणि हँडल काढून फ्रेम प्रवाशाच्या दारातून आत सरकवायची म्हटले तर मागचे आसन काढावे लागते. ते काढणे म्हणजे अभियंत्याची सही आणि वजन-समतोलाची नवी आकडेमोड आली, आणि भाड्याच्या विमानात असे कोणी सहसा करू देत नाही. मी जुनी चादर गुंडाळलेली फ्रेम घेऊन अर्धा तास विमानाभोवती फिरलो. शेवटी आसनावर साखळीच्या तेलाचा एक डाग आणि माझ्या नडगीवर एक ओरखडा, एवढीच कमाई झाली. यात विमानाचा दोष नाही. त्याची घडण सायकलींसाठी झालेली नाही.

उन्हाळ्याबद्दल एक इशारा मात्र द्यायला हवा. दोन हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर पारा ३८ अंशांवर गेला की इंजिन आणि पंख यांच्या लेखी ती धावपट्टी पाच हजार फुटांवर जाऊन बसते. हवा विरळ, धाव लांब, चढ मंद. पूर्ण टाक्या आणि तीन माणसे घेऊन एप्रिलच्या दुपारी निघण्याचा मोह कोणी धरू नये. पावसाळ्यात ढगांमुळे हा बेत आपोआपच रद्द होतो.

खर्चाचे फार बोलत नाही. तासाचे भाडे पाच आकडी आहे, आणि खासगी परवान्यावर प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही.

इतके उणे मोजूनही मी बदामीला विमानाने पुन्हा गेलो, त्याचे कारण गोकाकच्या परिसरातली दहा मिनिटे आहेत. साडेसात हजार फुटांवरून दक्षिणेकडे जाताना कृष्णा मागे पडते, काळ्या मातीची चौकोनी शेते बराच वेळ तशीच सरकत राहतात, आणि मग घटप्रभेच्या आसपास जमिनीचा रंगच बदलतो : बेसॉल्टचे पठार संपते आणि लालसर वालुकाश्माच्या कड्यांच्या ओळी डोके वर काढू लागतात. हाच खडक पुढे बदामीला आपल्या बोटांखाली येणार, हे रस्त्याने दहा वेळा जाऊनही मला उमगले नव्हते. शहाऐंशी किलोंचा माझा मित्र त्या वेळी पहिल्यांदाच चिवड्याचा विषय सोडून खिडकीला नाक लावून गप्प बसला होता, आणि मग हेडसेटमधून त्याने विचारले की डावीकडच्या त्या कड्यावर अजून कोणी चढाईचे बोल्ट मारलेले नसतील ना. खालचे गाव कोणते, ते मी नकाशावर खूण करून ठेवले आहे. तिथे जानेवारीत आम्ही गाडीने जाणार आहोत.