हिरोशिमाचे शांतता स्मारक संग्रहालय : अर्धा दिवस राखून ठेवावा असे

हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात प्रौढांना अवघे २०० येन प्रवेशशुल्क आहे. वेळ मात्र किमान अर्ध्या दिवसाचा काढावा. मुख्य इमारतीतली दालने मुद्दाम अंधारी ठेवलेली आहेत. तिथे एक तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा एक मुलगा घराबाहेर ती चालवत होता. त्याच रात्री तो गेला. वडिलांनी त्याच्यासोबत सायकलही घराच्या आवारात पुरली आणि चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, ती उकरून संग्रहालयाला दिली. गंजलेली ती दांडी पाहत मी बराच वेळ उभा होतो. वर्षअखेरपर्यंतच्या अंदाजे १,४०,००० मृत्यूंचा आकडा अनेकदा वाचला होता, पण त्यातला एक मृत्यू मला इथे प्रथमच कळला.

पुढच्या मार्गिकेत काचेपलीकडे एकदम उजेड आणि मृतांचे स्मारक दिसते. ‘शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होऊ देणार नाही’, अशा आशयाचे वाक्य त्यावर कोरले आहे. मराठीप्रमाणे जपानीतही कर्ता गाळता येतो. त्यामुळे चूक कोणाची, हे त्यात कुठेच येत नाही. युद्धोत्तर जपानची ओळख मला या गाळलेल्या कर्त्यात दिसते. युद्धाचा हक्क सोडणारे नववे कलम १९४७ पासून संविधानात आहे आणि अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही, हे धोरण पंतप्रधान साटो यांनी १९६७ मध्ये मांडले. तरीही हाच देश अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखाली राहतो आणि २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारापासून दूर आहे. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. तिची मागणी नेमकी त्या कराराची आहे.

माझा आक्षेप मांडणीच्या क्रमाला आहे. हे लष्करी शहर होते, १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सम्राटाचे मुख्यालयच इथे होते. पण शहराचा इतिहास शेवटच्या टप्प्यात येतो आणि तोवर मन थकलेले असते. तो आधी आला असता, तर शेजारी देशांना हीच स्मृती अपुरी का वाटते, हेही उमगले असते. म्हणून बाहेर पडल्यावर उद्यानातल्या कोरियन मृतांच्या स्मारकापाशी जरूर जावे. कासवाच्या पाठीवर उभा असलेला तो शिलास्तंभ १९७० मध्ये उद्यानाबाहेर उभारला गेला आणि १९९९ मध्ये आत आला.