बागेत जाताना सनस्क्रीन का फुल बाह्यांचा शर्ट?

द्राक्षाची एप्रिल छाटणी तोंडावर आलीय आणि वहिनी विचारतायत की सनस्क्रीनची ट्यूब आणू का त्याच पैशात जाड शर्ट घेऊ. तासगाव साइडला बऱ्याच घरात हा प्रश्न असणार म्हणून इथं लिहितोय.

माझं मत स्पष्ट आहे, बागेत काम असेल तर आधी कपडा, आणि क्रीम फक्त उघड्या राहिलेल्या जागेला. छाटणी झाली की मांडवावर पान राहत नाही, सावली नाहीच, आणि बायका सकाळपासून दुपारपर्यंत तिथंच उभ्या.

क्रीम वाईट नाही हो. ऑस्ट्रेलियात नांबूर गावात १९९२ पासून १६२१ लोकांवर अभ्यास झाला, त्यात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांना स्क्वॅमस प्रकारचा त्वचेचा कॅन्सर साधारण ४० टक्के कमी झाला. पण तेवढं लावायला पाहिजे ना! चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, आणि दर दोन तासानं परत, घाम पुसला की परत. दिवसात तीनदा धरलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसात संपते, हात तर यात धरलेच नाहीत, आणि मातीनं नाहीतर औषधानं भरलेले हात धुऊन मधेच कोण क्रीम लावत बसणार? एसपीएफ म्हणजे ट्यूबवर लिहिलेला ऊन अडवायचा आकडा, ३० नं ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले कातडी भाजणारे किरण) अडते, ५० नं ९८, त्यामुळं घ्यायचीच तर ३० ची ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारी, बघून घ्या, ५० साठी जास्त पैसे घालू नका.

शर्ट एकदा घातला की दिवसभर काम करतो. फक्त विटलेला पातळ पांढरा शर्ट नको, त्यातनं ऊन आत येतं, घामानं भिजला की अजूनच. उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसलं तर बाजूला ठेवा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा चांगला. टोपीनं कान आणि मान उघडी राहते, त्यापेक्षा रुंद काठाची हॅट नाहीतर मानेवर येईल असा स्कार्फ. आणि जमलं तर भर दुपारचं काम सकाळी लवकर ओढा, हे तर फुकटच आहे.

स्कूटीवरनं सांगलीला नोकरीला जाणाऱ्या ताईंना मात्र क्रीम परवडतं, चेहरा आणि हाताची पाठ एवढंच उघडं असतं.

आपण सावळे, आपल्याला काय होतंय, असं म्हणू नका. धोका कमी आहे पण आहे. आणि आपल्यासारख्या कातडीत मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा घातक प्रकार, बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली निघतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणजे तिथं ना शर्ट कामाचा ना क्रीम. आंघोळ करताना तळपाय बघत जा. वाढणारा काळा डाग, नखात रुंद होत चाललेली काळी रेघ, महिना झाला तरी न भरणारी जखम, जुन्या भाजल्याच्या व्रणावर परत फुटलेली जखम, यातलं काही दिसलं तर छाटणी उरकायची वाट बघू नका, सरळ मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.