कंपोस्टेबल पिशव्या: माल चांगला, मजकूर अर्धा

इंदूरच्या लोकमान्यनगरातील नेहमीच्या किराणा दुकानातून आम्ही ओल्या कचऱ्याच्या डब्यासाठी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांची गुंडाळी घेतली. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. पिशवी वापरायला चांगली आहे. कलिंगडाच्या साली आणि चहाचा चोथा भरूनही ती तळाशी फाटली नाही.

तक्रार आहे ती वेष्टनाबद्दल. दर्शनी बाजूस मोठे हिरवे पान आणि ‘निसर्गस्नेही, मातीत मिसळून जाणारी’ अशी ग्वाही आहे, तर मागे, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, ‘औद्योगिक कंपोस्टिंगसाठी’ असे म्हटले आहे. ही अट किरकोळ नव्हे. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएस १७०८८ या भारतीय मानकाखालील विघटनाची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान राखून केली जाते आणि १८० दिवसांत ९० टक्के जैविक विघटन अपेक्षित असते. गच्चीवरच्या कुंडीत ते तापमान कुठून येणार? मी पुरलेला तुकडा चार महिन्यांनी जवळजवळ जसाच्या तसा, छापील पानासकट, बाहेर निघाला.

बरे, कचरा गाडीत द्यावा, तर इंदूरचा ओला कचरा फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेने सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे जातो. तेथे हवेविना कुजवून वायू काढतात, त्यामुळे कंपोस्टिंगच्या चाचणीचा दाखला तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आमच्या गाडीवरचे दादा तर पिशवी रिकामी करून हातात परत देतात; त्यांच्या लेखी ते प्लास्टिकच.

ग्राहक सेवेला लिहिले, तेव्हा दोन दिवसांत स्पष्ट उत्तर आले, की घरगुती कुंडीत विघटन होईल असा त्यांचा दावा नाही. हे एक वाक्य पानाशेजारी छापले असते, तरीही मी ही पिशवी घेतली असती आणि त्यांच्या यापुढील दाव्यांवर विश्वासही ठेवला असता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या १५ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ यांसारखे मोघम शब्द पुरेसा खुलासा आणि पुरावा दिल्याशिवाय वापरता येत नाहीत.

पिशवीला पाचपैकी चार गुण, वेष्टनाला एक. गेल्या महिन्यात नवी गुंडाळी आणली. अट अजून मागेच आहे, पान मात्र थोडे मोठे झाले आहे.